येता का? भाड्याच्या गाडीची हकीगत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आईच्या गुडघ्याचे दुखणे दाखवण्यासाठी तिला परळला एका डॉक्टरांकडे नेले होते. तेथून दादरला घरी यायचे होते. अंतर म्हणाल तर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. चांगल्या पायांच्या माणसाने गप्पा मारीत चालत यावे एवढे. पण आईला चार पावले टाकणे कठीण आणि वरून पाऊस कोसळत होता. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून हात केला. पहिल्या टॅक्सीवाल्याने काच न उतरवताच मान हलवली. दुसऱ्याने "किधर?" म्हणून विचारले आणि दादर हे नाव ऐकताच गाडी पुढे काढली. तिसरा जरा सभ्य होता. तो म्हणाला, गाडी मालकाला द्यायची वेळ झाली आहे. शेजारी एक कॉलेजातली मुलगी छत्री धरून उभी होती. तिला बहुधा आमची कीव आली असावी. "काका, थांबा, मी बघते," असे म्हणून तिने मोबाईलवर दोन-चार वेळा बोट टेकवले आणि सात-आठ मिनिटांत एक पांढरी गाडी नेमकी आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "अरे, ह्याला 'येता का' म्हणून विचारावं नाही लागलं?"

वाचकहो, मी इतिहासाचा मास्तर. वर्गात मी पोरांना राज्ये, तह आणि लढाया शिकवतो. पण आईच्या त्या एका वाक्यात जेवढा इतिहास भरला आहे तेवढा कित्येक तहांतही नसेल. शहरातली माणसे हल्ली मोबाईलवरून गाडी का मागवतात, असे कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले. सोय होते, गार हवा असते, स्वस्त पडते. ही उत्तरे खोटी नाहीत, पण पुरेशी नाहीत. स्वस्त म्हणावे, तर ऐन पावसात मीटरपेक्षा दीडपट पैसे पडत असतानाही लोक मोबाईलच काढतात. गार हवा म्हणावी, तर जिला पंख्याचेही सुख नाही ती रिक्षासुद्धा लोक आता मोबाईलवरूनच बोलावतात. तेव्हा कारण काही वेगळे असले पाहिजे. माझ्या मते ते नवे नाही, पुष्कळ जुने आहे, आणि आज आपणांपुढे मांडायचे आहे ते हेच.

भाड्याची गाडी करणाऱ्या माणसापुढे तीन प्रश्न असतात. पहिला, येता का? दुसरा, किती घेणार? आणि तिसरा, जो आपण तोंडाने विचारीत नाही पण मनात असतोच, तो म्हणजे, तुम्ही कोण? ट्रामच्या, बसच्या किंवा आगगाडीच्या उतारूला हे प्रश्न पडत नाहीत. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत तीन आणे भाडे होते. ट्राम रुळावरून जायची तेथेच जाणार, आणि भाडे राजाला तेवढेच, रंकालाही तेवढेच. भाड्याच्या गाडीचे तसे नाही. ती तुम्ही म्हणाल तेथे जाते, आणि म्हणूनच ती येईल की नाही, केवढ्याला येईल, आणि हाकणारा माणूस कसा असेल, हे सारे दर वेळी नव्याने ठरवावे लागते. दोन अनोळखी माणसे रस्त्यात भेटतात, घटकाभराचा सौदा करतात आणि पुन्हा कधी भेटत नाहीत. असा सौदा दोघांनाही भरवशाचा वाटावा, ह्यासाठी माणसाने कोणकोणती साधने शोधली, हाच भाड्याच्या गाडीचा खरा इतिहास.

ह्या इतिहासाची सुरुवात पाहायला क्षणभर लंडनला जाऊ. कारण मुंबईतले पुष्कळसे नियम तेथूनच आलेले आहेत. इ. स. १६३४ मध्ये लंडनच्या स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर, मेपोल म्हणून जो उंच खांब होता त्याच्याजवळ, कॅप्टन बेली नावाच्या एका दर्यावर्दी गृहस्थाने चार घोडागाड्या उभ्या केल्या. भाड्याच्या गाड्या त्यापूर्वीही होत्या. बेलीने नवे केले ते असे, की गाड्यांना उभे राहण्याची जागा ठरवली, गाडीवानांना एकसारखा पोशाख दिला, आणि शहराच्या कोणत्या भागासाठी किती पैसे घ्यायचे तेही सांगून ठेवले. आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ह्या लहानशा व्यवस्थेत आहेत. ठरलेल्या जागी गाडी हमखास मिळते. दर आधीच माहीत असतो. आणि पोशाखावरून माणूस कोणाचा आहे ते कळते. बाकीच्या गाडीवानांनी हे पाहिले आणि तेही त्याच जागी, त्याच दराने उभे राहू लागले.

पण एकाच्या सद्बुद्धीवर शहर चालत नाही. गाड्या वाढल्या, तंटे वाढले, आणि सरकारला मध्ये पडावे लागले. १६५४ मध्ये लंडनच्या भाडोत्री गाड्यांसाठी नियम झाले आणि गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आली. पुढे दोनशे वर्षे कायद्यामागून कायदे होत राहिले. त्यांतला १८५३ चा कायदा मोठा मासलेवाईक आहे. त्यात असे ठरले, की भाड्यासाठी उभ्या असलेल्या गाडीवानाने सहा मैलांच्या आतले भाडे रास्त कारणावाचून नाकारता कामा नये. नाकारले तर दंड. म्हणजे 'येता का?' ह्या प्रश्नाचे उत्तर सरकारने गाडीवानाच्या वतीने देऊन टाकले. याल, यावेच लागेल! जो कायदा करावा लागतो, त्याच्यामागे तेवढीच मोठी तक्रार असते, हे आम्ही इतिहासवाले जाणतो. गाडीवान भाडे नाकारीत नसते, तर हे कलम कोणी लिहिले असते?

आता आपल्या मुंबईत येऊ. रेकले, शिग्राम, पालख्या ह्यांचा जमाना सरल्यावर मुंबईत नाव झाले ते व्हिक्टोरियाचे. राणीच्या नावाची ही घोडागाडी, उघडी, ऐसपैस, पितळी दिव्यांची. ह्या गाड्यांना परवाना, गाडीवानाला परवाना, भाड्याचे दर ठरलेले, आणि ह्या सगळ्यावर पोलिसांची नजर. १९२० चा मुंबईचा सार्वजनिक वाहनांचा कायदा ह्याच कामासाठी होता. पण दर कागदावर ठरलेला असला तरी अंतर कोणी मोजायचे? गाडीवान म्हणणार दोन मैल झाले, उतारू म्हणणार दीडच. अंतराचा वाद मिटेना, तोवर दर ठरवून उपयोग अर्धाच.

तो वाद मिटवला एका यंत्राने. १८९१ मध्ये जर्मनीत विल्हेल्म ब्रून याने चाकाच्या फेऱ्या मोजून भाडे दाखवणारे यंत्र बनवले. त्याचे नाव टॅक्सामीटर. 'टॅक्सा' म्हणजे आकारणी आणि 'मीटर' म्हणजे मापक. लंडनने १९०७ मध्ये ते सक्तीचे केले. आणि गंमत पाहा, त्या यंत्राच्या नावावरूनच गाडीला टॅक्सी म्हणू लागले! घोडा गेला, इंजिन आले, ही एवढी मोठी क्रांती झाली. पण लोकांनी नाव ठेवले ते इंजिनावरून नाही, मीटरवरून. उतारूच्या लेखी कोणती गोष्ट महत्त्वाची होती, ते ह्या एका शब्दावरून कळते. मुंबईत मोटारटॅक्सी आली १९११ मध्ये. त्यानंतरही व्हिक्टोरिया कित्येक वर्षे तिच्या शेजारून धावत राहिली; शेवटी शेवटी ती केवळ हौसेची फेरी मारण्यापुरती उरली, आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या फेऱ्याही बेकायदा ठरवल्या.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या दशकात, टॅक्सी म्हणजे काळ्या-पिवळ्या रंगाची फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाणारी. आमच्या घरी टॅक्सी वर्षातून दोनदाच व्हायची. मे महिन्यात गावाला जाताना आणि परत येताना. ट्रंका आणि वळकट्या टपावरच्या कॅरियरवर चढत, मग आम्ही आत कोंबले जात असू, आणि ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून बाहेरच्या बाजूला बसवलेला मीटर खाली पाडीत असे. तो खट्ट आवाज ऐकला, की वडील खिशातून हात बाहेर काढीत. त्यांचा जीव भांड्यात पडलेला असे. ते म्हणत, "मीटर पडला, आता काळजी नाही." शिक्षकाच्या पगारात टॅक्सी करणाऱ्या माणसाला त्या आवाजाचे केवढे मोल होते, ते मला आता कळते. मीटरला सरकारी सील असे. मापात पाप नाही, अशी ती सरकारची ग्वाही.

पण ग्वाहीलाही हळूहळू गंज चढतो. महागाई वाढत गेली, भाड्याचे दर वाढत गेले, आणि मीटरचे जुने आकडे मात्र तसेच राहिले. मग मीटरवरच्या आकड्याला बऱ्याच पटींनी गुणायचे, आणि त्यासाठी ड्रायव्हरने एक छापील दरपत्रक जवळ बाळगायचे, अशी रीत पडली. हे टॅरिफ कार्ड ज्याने वापरले आहे, त्याला त्यातली गोम ठाऊक असेल. कार्ड मागितले तर ड्रायव्हरला राग. न मागितले तर आपल्याला शंका. आणि गावाहून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्यातले ओ की ठो कळत नसे. जे यंत्र तंटा मिटवण्यासाठी आले, त्यानेच नवा तंटा लावून दिला. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले, पुरे भाडे रुपयांत दिसू लागले, आणि दुसऱ्या प्रश्नाची धार बरीच बोथट झाली.

पहिला प्रश्न मात्र राहिला. येता का? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भाडे नाकारणाऱ्याला दंड आहे. ते लंडनच्या त्या जुन्या कलमाचे नातवंडच म्हणा. तरी नकार थांबला नाही. का थांबला नाही? येथे आपण क्षणभर गाडीच्या पुढच्या आसनावर बसून पाहिले पाहिजे. आपण एकदम 'टॅक्सीवाले माजले' म्हणून मोकळे होतो, पण त्याचाही काही हिशेब आहे. पुष्कळ चालकांची गाडी स्वतःची नसते. पाळीपाळीने मालकाकडून घ्यायची, ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, गॅस आपण भरायचा, आणि वर उरेल तो आपला रोज. स्टेशनबाहेरच्या रांगेत तासभर थांबून नंबर लागावा, आणि भाडे मिळावे ते दोन किलोमीटरचे, तर त्याचा तो तास फुकट गेला. लांबचे मिळाले आणि परतताना गाडी रिकामी आली, तरी पदरचा गॅस जळला. शिवाय मीटरला ऊन-पाऊस समजत नाही. कोरड्या दुपारी गाड्या रिकाम्या फिरतात तेव्हाही दर तोच, आणि तुंबलेल्या रस्त्यावर शंभर हात वर होतात तेव्हाही तोच. दर हलत नाही, मग गाडीवान निवड करतो. शंभरांतला एक उचलायचा तर तो आपल्या सोयीचा उचलतो. चालकांच्या बोलीत उतारूला भाडेच म्हणतात. 'भाडं मिळालं, भाडं सोडलं.' त्या पावसात आमची आई म्हणजे एक गैरसोयीचे भाडे होती, दुसरे काय?

ही अशी स्थिती असताना मोबाईलची गाडी आली. ती एकदम आली नाही. २००७ मध्ये मुंबईत फोन करून बोलावण्याच्या मेरूच्या गाड्या सुरू झाल्या. २०१० मध्ये आय. आय. टी. मुंबईच्या भाविश अगरवाल आणि अंकित भाटी ह्या दोन पदवीधरांनी ओला काढली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे २००९ मध्ये स्थापन झालेली उबर २०१३ मध्ये बंगळुरात आणि २०१४ मध्ये मुंबईत आली. ह्या मंडळींनी कोठलेही नवे वाहन शोधलेले नाही, हे लक्षात घ्या. गाडी तीच, रस्ते तेच, ड्रायव्हरही पुष्कळदा तेच. कॅप्टन बेलीने केले तेच त्यांनी केले. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका जागी आणून ठेवली.

येता का? हे विचारायला नको. गाडी येत असल्याचे नकाशावर दिसते. शिवाय सुरुवातीला पुष्कळ काळ चालकाला भाडे स्वीकारण्यापूर्वी कोठे जायचे ते कळतच नसे, मग जवळचे म्हणून नाकारणार कसे? किती घेणार? आकडा आधी दिसतो, पटला तर हो म्हणा. तुम्ही कोण? नाव, फोटो, गाडीचा नंबर, आणि पूर्वीच्या उतारूंनी दिलेले गुण. ह्या तिसऱ्या उत्तराचे महत्त्व पुरुषांना चटकन कळत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना मी विचारले, तेव्हा एक जण म्हणाली, "सर, रात्री गाडीत बसले, की गाडी कुठे आहे ते आईला घरबसल्या तिच्या फोनवर दिसतं. ती जागी राहते, पण घाबरत नाही." भाडे चार पैसे जास्त पडले तरी ही मुलगी ते का देते, हे आणखी सांगायला नको.

आणि एक गोष्ट, जी माझ्या आईच्या वाक्यात होती. विचारावे लागले नाही, ह्यात नुसती सोय नाही, मान आहे. भर रस्त्यात हात वर करून उभे राहायचे, एकामागून एक नकार ऐकायचा, हा अपमान लहान असला तरी रोजचा असतो. म्हातारी माणसे, सामान घेतलेली माणसे, लेकुरवाळ्या बाया, ज्यांना जवळच जायचे आहे अशी आजारी माणसे, ह्यांच्या वाट्याला तो सर्वांत जास्त येतो. ज्याला दहा टॅक्सी सोडून अकरावी पकडण्याइतका वेळ आणि पायांत बळ आहे, त्याला ॲपची तेवढी निकड नाही. शहरातल्या माणसाने मोबाईल काढला तो अनेकदा ह्या नकाराला कंटाळून.

येथवर ही गोष्ट सुखान्त दिसते. पण आम्हा इतिहासाच्या लोकांना एक खोड असते. कोणी तराजू आणला, की तो कोणाच्या हातात आहे, ते आम्ही आधी पाहतो.

मीटरचा तराजू सरकारी होता. त्याचे दर जाहीर होत, त्यावर आरडाओरड होई, युनियन मोर्चा काढी, वर्तमानपत्रे लिहीत, आणि शेवटी मीटरवर सील लागे. ॲपचा तराजू कंपनीच्या हातात आहे. तो पावसात जड होतो, गर्दीत जड होतो, आणि किती जड झाला ते आपल्याला दिसते, पण का आणि कोणत्या हिशेबाने, ते दिसत नाही. मीटर असताना टंचाई नकाराच्या रूपाने दिसे. आता ती वाढलेल्या दराच्या रूपाने दिसते. पूर्वी पावसात गाडी नशिबाने मिळे, आता पैशाने मिळते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला हा बदल सुखाचा. ज्याच्याकडे नाही त्याला आता ॲप नकार देते, एवढेच. जानेवारी २०२५ मध्ये तर, एकाच प्रवासाला वेगवेगळ्या बनावटीच्या फोनांवर वेगवेगळे भाडे दिसते अशा तक्रारी आल्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर ह्या दोन्ही कंपन्यांना नोटिसा काढल्या. कंपन्यांनी असा भेदभाव होत असल्याचे नाकारले. खरे-खोटे काहीही असो. मीटरच्या काळात असा संशय निघाला असता, तर मीटर उघडून पाहता आला असता.

माणसाच्या ओळखीचेही तसेच. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या गाडीच्या चालकाने एका तरुणीवर अत्याचार केला. त्याला पुढे शिक्षा झाली; पण नाव, फोटो आणि गुण पडद्यावर असले म्हणजे माणूस पारखला गेला असे नाही, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. मुंबईच्या टॅक्सीवाल्याचा बॅज हा नुसता बिल्ला नाही; त्यामागे सरकारी तपासणी अभिप्रेत आहे. ती तपासणी ढिली पडली, तर बॅज आणि फोटो सारखेच.

आणि चालकाचे काय? सुरुवातीच्या वर्षांत कंपन्यांनी चालकांना भरघोस बक्षिसी दिली. ती पाहून कित्येकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. पुढे बक्षिसी आटली, कंपनीचा हिस्सा आणि कर्जाचे हप्ते मात्र राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतल्या ॲपच्या चालकांनी संप केला तो ह्याच चटक्याने. हे चालक कंपनीचे नोकर की स्वतंत्र धंदेवाले, हा प्रश्न जगभर गाजला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क आहेत असा निकाल दिला. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामकऱ्यांची कायद्यात प्रथम दखल घेतली. पूर्वी ड्रायव्हर मालकाला पाळीचे पैसे देई. मालक डोळ्यांपुढे असे, त्याच्याशी भांडता येई, गयावया करता येई. आताचा मालक मोबाईलच्या आत बसलेला आहे.

ह्याचा परिणाम काय झाला तो आपण रोज अनुभवतो. गाडी येते असे पडद्यावर दिसते, तेवढ्यात फोन वाजतो. "कहाँ जाना है? कॅश या ऑनलाइन?" आपण उत्तर देतो, आणि ते सोयीचे नसले की गाडी नकाशावरच तोंड फिरवते किंवा जागची हलतच नाही, म्हणजे आपणच कंटाळून रद्द करावे. ओळखले ना? हा तोच जुना नकार. १८५३ च्या कायद्याने ज्याला दंड लावला, १९८८ च्या कायद्याने ज्याला दंड लावला, तो मोबाईलमधूनही वाट काढून परत आला. कारण त्याचे मूळ गाडीवानाच्या स्वभावात नव्हतेच; ते त्याच्या दिवसाच्या हिशेबात होते. तो हिशेब जुळत नाही तोवर कोणतेही यंत्र आणा, नकार त्यात शिरणारच.

म्हणून लंडनमध्ये सतराव्या शतकात झाले तेच आता येथे होत आहे. एका खाजगी माणसाने व्यवस्था बसवली, ती लोकांना आवडली, आणि आता तिला नियमात बसवण्याची पाळी सरकारवर आली आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ह्या कंपन्यांना कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली आणि परवाना आवश्यक झाला. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये अशी मर्यादा होती. २०२५ च्या सूचनांत ती दुपटीपर्यंत वाढवली गेली. दीडपट बरी की दुप्पट, ह्यावर मतभेद होतील. पण मर्यादा असली पाहिजे आणि ती जाहीर असली पाहिजे, हे तत्त्व मीटरच्या सीलाचेच आहे.

वाचकहो, कुर्ल्याच्या त्या फियाटची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली. वीस वर्षांचे आयुष्यमान संपले होते. तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, मीही केली. पण हळहळ कशाबद्दल करायची, ते नीट पाहिले पाहिजे. पत्रा, रंग आणि टपावरचे कॅरियर ह्यांबद्दल थोडी करावी. खरी हळहळ वाटावी ती त्या खट्ट आवाजाबद्दल. शिक्षकाच्या पगारातल्या माणसालाही ज्याने निर्धास्त वाटे त्या सार्वजनिक मापाबद्दल. ते माप आपण ढिले पडू दिले, म्हणून लोक दुसऱ्या मापाकडे गेले. लोकांचे काही चुकले असे मला वाटत नाही. परळच्या पावसात मीही गेलो, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन.

मात्र नवे माप हाती घेताना जुने तीन प्रश्न विसरू नयेत, एवढेच माझे म्हणणे. आकडा दिसला म्हणजे हिशेब कळला असे समजू नका. तो कसा निघाला हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि आपल्या प्रतिनिधींनी तो आपल्या वतीने बजावला पाहिजे. आणि गाडीत बसल्यावर पडद्यावर ड्रायव्हरचे नाव दिसते, त्या नावाने त्याला एकदा हाक मारून पाहा. आमच्या आईने त्या दिवशी तसेच केले. उतरताना तिने त्याला विचारले, "बाबा, तुला ह्यातले किती मिळतात रे?" तो जरा हसला, मोबाईल पुढे करून त्याने तिला आकडा दाखवला. आईने तो वाचला, आणि पर्स उघडून वर आणखी वीस रुपये त्याच्या हातावर ठेवले.